गाऱ्हाण्याइतकं अंतर

"बा देवा रवळनाथा, बारा वाटांच्या धन्या, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

वैजयंतीला वडिलांचा आवाज आठवतो तो असा. खोल विहिरीत घागर बुडावी तसा, आधी बुडणारा आणि मग भरून वर येणारा. ती तेव्हा देवळाच्या खांबाला मिठी मारली तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांना लागत नसत एवढी लहान होती. समोर काळ्या पाषाणाचा देव, देवापुढे तिचे वडील भिकाजी गुरव, आणि मागे पोखरवाडीतली माणसं, एका घशाने होकार भरणारी.

"ह्या तुझ्या लेकराची गाय चार दिस झाले घराक येवक नाय. ती खंय असात थंयसून वाटेक लाव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या बायचो घो बोटीवर आसा. त्येची खबर येवंदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाणं झालं की कौल. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून भिकाजी त्या देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवत. त्या पाकळ्यांना म्हणायचं ‘कळे’. उजवा आधी पडला तर होकार, डावा आधी पडला तर नकार. मग नुसती वाट बघायची. कधी समईची वात सरेपर्यंत काही हलत नसे, तर कधी वडिलांनी हात मागे घ्यायच्या आतच पाकळी सुटे.

"बाबा, कळो कधी पडतलो ता कोण ठरयता?" तिने एकदा विचारलं होतं.

"कोण नाय गो," भिकाजी म्हणाले होते. "तो पडता."

गुरवाच्या त्या घराची एक रीत होती. गुरवाने साऱ्या गावासाठी मागायचं, स्वतःसाठी नाही. वैजूची आई आजारी पडली तेव्हाही भिकाजींनी खालच्या वाडीतल्या मानकऱ्याला बोलावून त्याच्या तोंडून गाऱ्हाणं घातलं. स्वतः मागच्या रांगेत उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणाले. आई गेली. आईची एक ओवी तेवढी राहिली, फुलं खुडताना म्हणायची ती:

एका देठीचे दोन कळे, एक उजवा एक डावा
एक गळला भुईवरी, दुज्या कोण धाडी सांगावा

ह्या ओवीतला प्रश्न वैजूने पुढे आयुष्याचं काम म्हणून घेतला. पण ते तिला फार उशिरा उमगलं.

*

घाटातल्या एका जुन्या, सोडून दिलेल्या पाण्याच्या बोगद्यात तिची प्रयोगशाळा होती. आत बारा महिने एकच गारवा आणि भिंतींतून ठिबकणारं पाणी. त्या गारव्याच्याही पोटात, कुठल्याही हिवाळ्याला ठाऊक नसलेल्या थंडीत, लेझरच्या उजेडाने जागच्या जागी धरून ठेवलेले अणू होते.

हे अणू टिकाऊ नव्हते. प्रत्येकाच्या पोटात थोडी जास्तीची ऊर्जा, आणि ती केव्हातरी टाकून द्यायचीच असते. टाकताना प्रकाशाची एक ठिणगी उडते, एक तर उजवीकडे नाही तर डावीकडे. केव्हा उडेल याला कारण नसतं. कारण आपल्याला कळत नाही असं नव्हे, कारण नसतंच. शाळेतल्या मुलांना दाखवायला आणलं की वैजू सांगायची, "कोण नाही ठरवत. तो पडतो." आणि स्वतःशीच हसायची.

खरी नवलाई पुढे होती. असे दोन अणू एकाच देठातून फुटावेत तसे एकत्र जन्माला घालता येत. मग त्यांतल्या कुणालाच स्वतःचं असं उजवं-डावं उरत नसे. एक चप्पल या पेटीत आणि दुसरी त्या पेटीत, तसं ते नाही. चपलेला आपण उजवी की डावी हे ठाऊक असतं. इथे ठरलेलंच काही नसतं. पण एकाला विचारलं, म्हणजे हलकेच लेझरने डिवचलं आणि त्याची ठिणगी उजवीकडे उडाली, तर त्याच क्षणी दुसऱ्याचं डावं ठरतं. तो शेजारच्या खोलीत असो की सात समुद्रांपलीकडे. एकाच क्षणी दोघांना विचाराल तर उत्तरं विरुद्ध. नेहमीच.

आणि मध्ये काहीच धावत नाही. सांगावा नाही, सांगणारा नाही. आपल्या बाजूने बघावं तर नुसती नाणेफेक दिसते. दोघांनी भेटून आपापली उत्तरं शेजारी-शेजारी ठेवली तरच कळतं, की अरे, यांचं काहीतरी होतं. मेळ दिसायला आधी भेट लागते.

वैजू या जोड्यांना कळेच म्हणायची, आणि बोगद्यात सगळेच मग तसं म्हणू लागले. कळ्यांचा एक स्वभाव तिच्याइतका कुणी ओळखला नव्हता. दोघांना एकाच क्षणी न विचारता एकाला आधी विचारलं, तर मागे राहिलेला झोपाळ्यावर बसतो. विरुद्ध टोकापासून निघतो, मधे येतो, आणि अर्धा झोका पुरा झाला की नेमका पहिल्याच्याच बाजूला पोचतो. त्या क्षणी त्याला विचारलं तर दोघांचं उत्तर एकच. हा अर्धा झोका काही मिनिटांचा असे. बाकीचे पडद्यावरचे आकडे बघत. वैजू डोळे मिटून ओठांतल्या ओठांत वडिलांचं गाऱ्हाणं म्हणे. "वाटेक लाव म्हाराजा"शी पोचली की झोका पोचलेला असे.

"अर्धा झोका म्हणजे बाबांचं एक गाऱ्हाणं," ती म्हणायची.

"अहवालात तसं लिहू नकोस," प्रमुख डॉ. निलोफर काझी म्हणायच्या. "दिल्लीवाले गाऱ्हाण्याचं प्रमाणपत्र मागतील."

त्याच निलोफरबाईंनी एका दुपारी तिला चहाला बसवून सांगितलं. चंद्राच्या दक्षिण टोकाला नवा तळ उभा राहिला होता. कळ्यांची अर्धी बाजू तिथे न्यायची, अर्धी बोगद्यात ठेवायची आणि एवढ्या अंतरावर मेळ टिकतो का ते बघायचं. दोन वर्षं. कळ्यांचा स्वभाव ओळखणारं माणूस हवं.

"घरी कोण आहे तुझ्या?"

"बाबा."

"मग आधी त्यांना विचार."

*

वैजू पोखरवाडीला गेली तेव्हा अंगणात तगर फुललेली होती. भिकाजी पंचाहत्तरी ओलांडलेले. फुलं खुडताना हात कापत, त्यामुळे झाडाखाली निम्मी फुलं सांडत आणि ती वेचायला शेजारची शालन येत असे. शालनचा नवरा तेलाच्या बोटीवर होता.

वैजूने पिशवीतून दोन डब्या काढल्या, हळदीकुंकवाच्या करंड्याएवढ्या. बोगद्यातल्यांनी कारागिरी करून मोठं यंत्र त्यात बसवलं होतं. आत पुष्कळ खण, प्रत्येक खणात एक कळा, त्याचा जोडीदार दुसऱ्या डबीत. दोन्हीकडे एकाच नंबरचा खण निवडायचा; बटण दाबलं की त्या डबीतल्या कळ्याला विचारलं जाई आणि डबीवर उजवीकडे किंवा डावीकडे निळा ठिपका उमटे. काही कळे न विचारताच विझून जात. वर्ष सरलं की खण निम्मे रिकामे होत.

"ह्येच्यातसून फोन लागता काय गो?" शालनने विचारलं.

"नाय. काय्येक सांगता येणा नाय ह्येच्यातसून."

"मगे काय उपेग? माझ्या घोवाकडे फोन आसा तरी तो काय्येक सांगणा नाय. त्येच्यापेक्षा ह्या स्वस्त पडात."

शालन गेल्यावर वैजूने चंद्राचं सांगितलं. भिकाजी वेचलेली फुलं परडीत नीट लावत होते.

"बरा," ते म्हणाले.

"दोन वर्सा, बाबा."

"बरा."

"तुमका काय वाटता?"

"माका काय वाटूचा? पेज जेवून घी, निवता." आणि परडी उचलून ते देवळाकडे गेले.

वैजूला जायचं होतं. लहानपणीच्या त्या ओवीला उत्तर द्यायला कुणी बोलावतंय, असं तिला वाटत होतं. पण वडिलांच्या त्या "बरा"वर पाय ठेवून तिला जाता येईना. ते "जा" म्हणते तर ती गेली असती, "नको" म्हणते तर, कोण जाणे, राहिलीही असती. "बरा" म्हणजे दार उघडंही नाही, लावलेलंही नाही.

सकाळी भिकाजीच म्हणाले, "देवाक इचारूक व्हया."

"मगे लावा कौल."

"माझ्या घरचो इषय. माझ्या हातान कळो लावूचो नाय."

"मानकऱ्यांक बोलवा."

मागच्या खेपेला मानकऱ्याला बोलावलं होतं ते दोघांनाही आठवलं. मग भिकाजींनी फळीवरच्या डबीकडे बोट केलं. "ह्या तुझ्या डबीत हात कोणाचो?"

"कोणाचोच नाय."

"मगे झाला. एक तू घी, एक माका ठेव. दोगांनी एकाच येळेक इचारूया, म्हणजे एकमेकांचो कौल बघान कोणी आपलो मोडूचो नाय. सोमवारी सांजेची घंटा वाजली काय तू थंयसून, मी हंयसून."

वैजूने एक डबी वडिलांपुढे ठेवली.

एकाच क्षणी विचारलं तर उत्तरं विरुद्ध येणार, हे तिने वडिलांना सांगितलं नाही. सांगायचं टाळण्यामागे वाईट हेतू नव्हता. तिने मनात पुढचं सगळं बघितलं. कुणातरी एकाला डावा येईल. त्यांना आला तर देवाच्या आडून का होईना, ते "जाव नको" म्हणतील. मला आला तर मी म्हणेन, बाबा, कौल फाटला, आता तुम्हीच सांगा. कसंही झालं तरी दोघांना बोलावं लागेल. साऱ्या गावाचं दुःख देवापुढे मांडणाऱ्या माणसाला आपलं स्वतःचं एक वाक्य बोलावं लागेल.

*

सोमवारी संध्याकाळी ती बोगद्याच्या तोंडाशी डबी मांडीवर घेऊन बसली. कानाशी फोन. पलीकडे देवळातला गलका, कुणाचं तरी खोकणं, मग घंटेचा पहिला टोल. ठरल्याप्रमाणे तिने फोन बंद केला आणि बटण दाबलं.

उजवा.

निळा ठिपका तिच्याकडे बघत राहिला. म्हणजे तिकडे डावा. चाळीस कोसांवर, समईच्या उजेडात, तिच्या वडिलांच्या हातातल्या डबीत डावा ठिपका उमटला, हे तिला आपल्या तळहाताइतकं स्वच्छ दिसलं. तिने डोळे पुसले. आता फोन येईल. ते म्हणतील, "डावो दिल्यान गो." आणि मी म्हणेन, सांगा मग, मनातलं सांगा.

फोन आला.

"उजवो," भिकाजी म्हणाले.

"काय?"

"उजवो दिल्यान. तुझो?"

"…उजवोच."

"बघ तर. दोगांकय एकच. आता इचार कसलो? जा तू."

फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ उठली नाही. हा माणूस कौल कधी फिरवत नसे. सरपंचाने लेकाच्या लग्नाचा मांडव घालून झाल्यावर कौल मागितला होता, तेव्हा डावा पडला म्हणून यांनी भर मांडवात डावा सांगितला होता आणि वर्षभर सरपंचाच्या दारचं पाणी तुटलं होतं. त्या माणसाने आज देवळात उभं राहून खोटं सांगितलं. माझ्यासाठी. तुमचा उजवा असूच शकत नाही बाबा, हे बोलावं तर आपण आधीपासून जाणत होतो हेही बोलावं लागेल. आणि त्यांनी एवढं मोठं मोल देऊन उघडलेलं दार आपणच लावल्यासारखं होईल.

ती गेली. ते खोटं तिने चंद्रावर बरोबर नेलं, परकराच्या ओच्यात फुलं बांधून न्यावीत तसं.

*

चंद्राच्या त्या टोकाला ऊन कधी डोक्यावर येत नाही. क्षितिजाच्या कडेकडेने फिरत राहतं, देवाला प्रदक्षिणा घालावी तसं. सावल्या गावांएवढ्या लांब. पृथ्वी तिथे सूर्यासारखी रोज उगवत नाही न् मावळत नाही. पंधरवडाभर डोंगरकाठावर हळूहळू वर येते, पंधरवडाभर हळूहळू बुडते, जणू कुणी निळी घागर पाण्यात धरून बसलंय. वैजू तिच्याकडे बघत काम करी. झोपेतही तिला ती घागर दिसे, आणि झोप कुठे संपली आणि जाग कुठे लागली हे नीट कळत नसे. तिथे पावलांनाही वजन नव्हतं. माणूस चालतं ते स्वप्नात चालल्यासारखं.

कळ्यांनी मेळ सोडला नाही. बोगद्यात उजवा तर चंद्रावर डावा, थांबून विचारावं तर दोघे एका बाजूला. एवढी मोठी काळी पोकळी मध्ये पसरलेली, आणि तिने त्यांच्यात एवढंसंही अंतर पाडलं नाही. खाली पृथ्वीवर निलोफरबाईंनी पेढे वाटले. वैजूने त्या दिवशी काचेवरच्या वाफेत बोटाने लिहिलं, आईच्या ओवीखाली जोडायला:

सांगावा नाही धाडिला, वाट चालले ना कोणी
एकाच्या डोळां दाटले, दुसऱ्याच्या डोळां पाणी

वाफ विरली तशी ओवीही विरली.

पृथ्वी वर असली की ती वडिलांना फोन करी. इथला शब्द तिथे पोचायला सव्वा सेकंद, तिथला इथे यायला सव्वा. एवढ्यानेही बोलणं अडखळे. सुरुवातीला दोघांचे शब्द एकमेकांवर आपटत. मग भिकाजींना ते जमलं. त्यांना आयुष्यभर सवय होतीच, एक वाक्य बोलून मागच्या होकारासाठी थांबायची.

"जेवलंस?" थांबणं.

"जेवलंय. तुमी?" थांबणं.

"जेवलंय. शालनान खापरोळ्यो केल्यान."

त्यापलीकडे कुणी जात नसे. वैजूच्या उशाशी तिची डबी होती. त्यातले खण एकेक करून न विचारताच विझत होते. खाली फळीवर वडिलांच्या डबीतले तेच खण तिच्याबरोबर निकामी होत असणार. न विचारलेलं असंच जातं, तिला वाटे.

दोन वर्षं संपत आली तेव्हा निलोफरबाईंनी विचारलं, आणखी दोन वर्षं थांबशील का? वैजूने ते वडिलांना सांगितलं. सव्वा सेकंद, आणि सव्वा सेकंद.

"बरा," भिकाजी म्हणाले.

शुक्रवारी तिला कळवायचं होतं. तिने मनाशी होकार ठरवला. विचारावं तर ते पुन्हा उजवाच सांगतील. त्या म्हाताऱ्या माणसाकडून आणखी एक खोटं बोलवून घ्यायचं तिच्या जिवावर आलं.

*

एव्हाना जोडडब्या बाजारात आल्या होत्या. बँकांनी खात्यांच्या गुप्त कुलूपकिल्ल्यांसाठी आधी घेतल्या. मग बोटीवरच्या माणसांच्या घरांत देव्हाऱ्याशेजारी दिसू लागल्या. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, परसातला फणस तोडायचा की ठेवायचा, माणसं दोन टोकांना बसून डबीला विचारत. आणि गावोगावी भांडणं लागली. मग दुकानदारांनीच सांगायला सुरुवात केली, ते असं का होतं.

काजू मोहोरला होता. शालन दुपारची भिकाजींच्या ओट्यावर येऊन बसली, डबी ओच्यात.

"भिकूकाकानु, आमचो संसार मोडलो असतो ह्या डबीन. मी इचारतंय, नवीन घर बांधूचा काय? माका उजवो. त्येका डावो. पोराचा नाव इचारला, माका डावो, त्येका उजवो. मी म्हटला, बोटीवर कोण सटवी भेटली की काय. मगे काल दुकानदारान सांगितल्यान. दोगांनी एकाच येळेक दाबला तर कायम इरुद्धच येता. तो त्या कळ्यांचो सभावच."

"कायम?"

"कायम. म्हणान आमी ठरवला, आधी तो दाबतलो, मगे मी जरा थांबतलंय. तसाय संसारात एकान थांबूकच व्हया."

भिकाजी हसले नाहीत. शालन गेल्यावरही ते ओट्यावर बसून राहिले. त्या सोमवारी दोघांनाही उजवा आला होता. एकाच वेळी विचारलं तर असं घडत नसेल, तर कुणीतरी फिरवला. आपण तर फिरवला नाही. म्हणजे वैजूने. चेडवाला, लेकीला, डावा आला होता, आणि जायचं होतं म्हणून तिने उजवा सांगितला. त्यांना राग आला नाही.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा त्यांनी जेवलंस का विचारलं नाही.

"चेडवा, त्या दिसा तुझो डावो हुतो काय?"

थांबणं. वर डोंगरकाठावर पृथ्वी बुडू लागली होती, आणि वैजूचा हात काचेवर होता.

"नाय, बाबा. माझो उजवोच हुतो," ती म्हणाली. मग तिला वाटलं, दोघांमधला हा एवढा एक प्रश्न तरी, त्या खणांसारखा न विझता, विचारला गेलाय. "डावो तुमचो हुतो. माका म्हायत आसा. पयल्या दिसापासून म्हायत आसा. एकाच येळेक इरुद्धच येता, ता मी तुमका सांगूक नाय. माका वाटला, तुमका डावो इलो तर तुमी माका थांब म्हणशात. पण तुमी उजवो सांगितलात. माझ्यासाठी."

सव्वा सेकंद गेला, सव्वा सेकंद आला.

"मी," भिकाजी म्हणाले, आणि आवाज म्हातारा नव्हता, "कौल खोटो सांगतलंय?"

"बाबा…"

"देवळात उभो रवान? सरपंचाच्या मांडवात सांगलंय नाय, तुझी आवस गेली तेव्हा सांगलंय नाय. आणि दोन वर्सा तू असा समाजतंस?"

"पण बाबा, घंटा झाली आणि लगेच दाबलात ना? एकाच क्षणाक तसा होऊकच शकणा नाय."

"लगेच कसा दाबतलंय?" भिकाजी खरोखरच चकित झाले. "घंटा झाली. मगे गाऱ्हाणा घातलंय. मगे दाबलंय. गाऱ्हाणा न घालता कौल खंय लावतत?"

वैजू खाली बसली. बसतानाही शरीर सावकाश उतरलं, पाण्यातून पान उतरावं तसं. अर्धा झोका. डोळे मिटून, ओठ हलवून, हजार वेळा तिने तोच झोका वडिलांच्या गाऱ्हाण्याने मोजला होता. आणि तोच माणूस गाऱ्हाण्याशिवाय बटण दाबेल असं तिने धरून चाललं होतं. तिने आधी विचारलं होतं. त्यांनी थांबून विचारलं होतं, नेमकं तेवढंच थांबून. उजवा आणि उजवा. कुणीच फिरवला नव्हता.

ती हसू लागली, आणि हसताना तिचा श्वास लागला. वडिलांना ते सव्वा सेकंदाने कळलं, आणि त्यांचा राग तेवढ्यात निवला.

"हसतंस कित्याक?"

"मी चुकलंय, बाबा. तुमी बरोबर हुतात." मग तिचं हसणं हळूहळू थांबलं. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आपल्या घरच्या विषयात त्या घराचा गुरव गाऱ्हाणं घालत नाही. त्या दिवशी मानकरी नव्हता. "बाबा. तेव्हा गाऱ्हाणा कोणी घातला?"

"मीच. दुसरो कोण हुतो?"

"काय घातलात?"

देवळात समई लागलेली होती. ओट्यावरून ती दिसत होती. भिकाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला, मग परत पहिल्या.

"आपल्या घरात आपल्यासाठी मागूचा नाय," ते म्हणाले. "तुका म्हायत आसा."

"म्हायत आसा."

"तुझ्या आवशीसाठी पण मी मागूक नाय."

"म्हायत आसा, बाबा. तुमी मागल्या रांगेत हुतात. मी खांबाकडे हुतंय."

वैजूने घाई केली नाही. शुक्रवारचा होकार तिच्या जिभेच्या टोकावरून मागे सरकला आणि वाट बघत बसला. आणि मग तिला तो आवाज ऐकू आला, खांबामागून ऐकलेला, आधी बुडणारा आणि मग भरून वर येणारा.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा."

तो आवाज चंद्रापर्यंत चढला, आणि तिचा होकार तिथून खाली उतरला. "व्हय म्हाराजा."

"हो तुझो भिकाजी, जल्मभर लोकांसाठी मागणारो, आज आपल्यासाठी मागता. राग मानू नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"त्या दिसा डावो मागलंय. माझा चेडू जाव नये म्हणान मागलंय. तू उजवो दिलंस. जसो दिलंस तसो मी सांगलंय, आणि मी डावो मागल्याचा लपवलंय, म्हाराजा."

ह्या वेळी होकार यायला अडीच सेकंदांहून जास्त लागले. "व्हय… म्हाराजा."

भिकाजींनी डोळे मिटले.

"आता आणखी दोन वर्सा माका जमाची नाय," ते म्हणाले. "घर मोठा लागता. फुला वेचताना कोणाक हाक मारूची ता माका समाजणा नाय. माझा चेडू माका परत दे, म्हाराजा."